मदत हवी आहे: मानुएल पोन्से यांचा हरवलेला दुसरा गिटार सोनाटा

नमस्कार मंडळी,

इथे क्लासिकल गिटार वाजवणारं, किंवा स्पेन-मेक्सिकोत राहणारं कोणी असेल तर कृपया वेळ काढून वाचा.

मेक्सिकोचे संगीतकार मानुएल पोन्से (१८८२–१९४८) यांनी स्पॅनिश गिटारवादक आंद्रेस सेगोव्हियांसाठी गिटारचे बरेच सोनाटे (अनेक भागांच्या वाद्यरचना) लिहिले. पहिला ‘मेक्सिकाना’, १९२७ चा तिसरा, मग सोर आणि शूबर्ट या जुन्या संगीतकारांना वाहिलेले दोन. हे सगळे आज वाजवले जातात. फक्त दुसरा मिळत नाही. १९३६ साली स्पेनमध्ये यादवी पेटली, सेगोव्हिया बार्सिलोना सोडून गेले आणि मागे त्यांचं घर लुटलं गेलं. हा सोनाटा त्यातच गेला असं मानतात. स्पॅनिश गिटारवादक तार्रेगाच्या स्मरणार्थ पोन्से यांनी लिहिलेल्या सोनाटिनाचाही (छोट्या सोनाटाचाही) शेवटचा भाग तेवढा हाती लागतो. तो ऐकताना आधीचे भाग कसे असतील या विचाराने जीव हळहळतो.

‘दुसऱ्या सोनाटाची नक्कल कुठेतरी आहे म्हणे’ असं गिटारवाल्यांच्या गप्पांत मी ऐकलंय. कुठे, कुणाकडे, हे कोणी सांगत नाही. पण मी ती गोष्ट सोडून देऊ शकत नाही, कारण असं पूर्वी घडलंय. इंग्रज संगीतकार सिरिल स्कॉट यांनी १९२७ मध्ये सेगोव्हियांसाठी लिहिलेला सोनाटिना कित्येक वर्षं गहाळच समजला जायचा. २००१ मध्ये इटालियन गिटार-संगीतकार आंजेलो जिलार्दिनो यांना तो लिनारेसला, सेगोव्हियांच्या जन्मगावी, त्यांच्याच कागदांत सापडला. म्हणजे सगळंच बार्सिलोनाच्या घरात नव्हतं!

आणखी एक शक्यता मनात घोळतेय. पोन्से यांचं ए मायनर सुरातलं ‘स्वीट’ (suite, नृत्यप्रकारांची मालिका) कित्येक वर्षं सिल्वियुस लेओपोल्ड व्हाइस या अठराव्या शतकातल्या ल्यूटवादकाच्या नावावर खपत होतं. सेगोव्हियांनी ते त्याच नावाने वाजवलं, रेकॉर्डही केलं. मी ज्या झेरॉक्सवरून त्यातला साराबांद (एक संथ नृत्यप्रकार) शिकलो, तिच्या वरच्या कोपऱ्यात अजून ‘व्हाइस’ छापलेलं आहे. खाली बोटांचे आकडे, आणि पोन्से यांचं नाव कुठेच नाही. जुन्या शैलीत लिहून दुसऱ्याच्या नावाने पुढे करायचं हे पोन्से आणि सेगोव्हिया यांनी मिळून केलं आणि लोकांनी ते खरं मानलं. मग दुसऱ्या सोनाटातला एखादा भाग असाच भलत्या नावाखाली कुठल्या संग्रहात पडून असेल का? हा माझा निव्वळ तर्क आहे, पण कोणी त्या दिशेने शोधलंय का, हे कळलं तर फार बरं होईल.

पोन्से आणि सेगोव्हिया यांचा पत्रव्यवहार मिगेल अल्कासार यांनी संपादित केलाय. ते पुस्तक माझ्याकडे नाही. ज्यांच्याकडे असेल त्यांनी दुसऱ्या सोनाटाचा जिथे जिथे उल्लेख येतो ती पानं कळवावीत. किती भाग होते, कुठल्या सुरात होता, कुठला सूर कुठल्या बोटाने वाजवायचा ते सेगोव्हियांनी ठरवायला घेतलं होतं का, एवढं समजलं तरी पुष्कळ.

दुसरं, बार्सिलोनाच्या ‘ला व्हानग्वार्दिया’ या वर्तमानपत्राचे जुने अंक ऑनलाइन शोधता येतात. १९२५ ते १९३६ मधल्या सेगोव्हियांच्या मैफलींच्या जाहिराती आणि परीक्षणं बघायची आहेत. पोन्से यांचा एखादा सोनाटा नुसता ‘सोनाटा’ म्हणून छापलेला दिसला, तर कुठला ते भागांच्या नावांवरून ओळखता येईल. माझं स्पॅनिश कामापुरतंच आहे, परीक्षणाच्या भाषेत मी अडकतो. स्पॅनिश नीट येणाऱ्या कोणी साथ दिली तर आपण वर्षं वाटून घेऊ.

आणि मेक्सिको सिटीत कोणी मराठी माणूस असेल, तर पोन्से यांचे कागद तिथल्या राष्ट्रीय विद्यापीठाच्या संगीत विद्याशाखेत आहेत. बाहेरच्या माणसाला कच्चे आराखडे बघू देतात का, आणि परवानगी कुणाकडे मागायची, एवढं विचारून कळवाल का? अर्ज मी स्वतः करेन.