आठवड्याला एक तास, पंधरा वर्षांचा मुलगा: मार्गदर्शकाने नेमकं करायचं काय?

(चर्चाफलकावरचा धागा. प्रत्येक प्रतिसादाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

कोरी पाटी

एका उपक्रमात मार्गदर्शक म्हणून नाव दिलंय. आठवड्यातून एकदा एक तास, एकच मुलगा, वय पंधरा. गणितात मागे पडलाय आणि मोठ्यांशी फारसा बोलत नाही, एवढंच कळवलंय. 'मुलांना प्रेरणा द्या', 'विश्वास संपादन करा' छापाचं भरपूर वाचून झालं, हाताला काही लागलं नाही. पहिल्या भेटीत काय करायचं? चुका दाखवायच्या कशा? आणि अशा गोष्टी मुळात बिनसतात कशामुळे? जाणकारांनी सविस्तर लिहावं, कितीही किरकोळ वाटलं तरी चालेल.

वहीचं शेवटचं पान

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. बिनसतं ते बहुतेक वेळा खाड्यांमुळे आणि मध्येच सोडून दिल्यामुळे. ग्रॉसमन आणि ऱ्होड्स यांनी २००२ साली अमेरिकेतल्या 'बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स' या एक मूल-एक मार्गदर्शक अशा जोड्या लावणाऱ्या संस्थेतल्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकलेल्या जोड्यांतल्या मुलांना सर्वांत जास्त फायदा झाला होता. तीन महिन्यांच्या आत मोडलेल्या जोड्यांतल्या मुलांना मात्र स्वतःबद्दल आधी वाटायची तेवढीही किंमत वाटेनाशी झाली होती. तेव्हा वर्ष देता येणार नसेल तर आत्ताच सांगून मोकळे व्हा, त्यात कमीपणा काही नाही.

वार आणि वेळ पक्की करा. बदलायची वेळ आलीच तर आदल्या दिवशी कळवा, आणि ते थेट त्याला. पालकांमार्फत निरोप गेला की 'हे सगळं मोठ्यांचं आपापसात चाललंय' हे त्याला बरोबर कळतं.

पहिल्या तीन भेटींत सल्ला शून्य. समोरासमोर बसलं की मुलाखत घेतल्यासारखं होतं, म्हणून टेबलाच्या कोपऱ्याला दोन लगतच्या बाजूंना बसा. हाताला काहीतरी चाळा हवा: कोडं, चित्राचा कागद, खोलून बघण्यासारखी एखादी बिघडलेली वस्तू. नजर कामात गुंतली की या वयाची मुलं जास्त बोलतात.

तासाची वाटणी साधारण अशी ठेवा. दहा मिनिटं इकडचं तिकडचं, पस्तीस मिनिटं काम, दहा मिनिटं तो म्हणेल ते, आणि शेवटची पाच मिनिटं पुढच्या वेळचं ठरवायला. गणित रंगात आलं की ही शेवटची पाच मिनिटं हमखास खाल्ली जातात. ती खाऊ नका, 'पुढची भेट आहे' हे त्याच पाच मिनिटांत त्याच्या मनात पक्कं होतं.

भेट संपली की चार ओळी खरडून ठेवा: त्याने कोणाकोणाची नावं घेतली, कुठे अडलं, या आठवड्यात त्याचं काय आहे, तुम्ही काय कबूल केलं. पुढच्या भेटीचं पहिलं वाक्य त्यातूनच येऊ द्या. "बुधवारची तोंडी कशी झाली?" एवढं पुरतं. मोबाइल टेबलावर पालथा ठेवू नका, पिशवीत टाका. पालथा असला तरी तो दिसतोच.

लाल पेन

वरच्या प्रतिसादाशी सहमत. चुका दाखवण्याबद्दल माझी भर.

समजा त्याने १/२ + १/३ = २/५ लिहिलं. आपल्या तोंडात तयार असतं, "चूक. आधी छेद समान कर." तो करतो, उत्तर येतं, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा २/५. कारण त्याच्या डोक्यातला नियम (वरच्यांची बेरीज वर, खालच्यांची खाली) कोणी हलवलेलाच नसतो.

त्याऐवजी विचारा, "हे कसं आलं, सांग बरं." आवाज असा ठेवा की उत्तर बरोबर असतं तरी हेच विचारलं असतं. बरोबर उत्तरांनाही खरंच विचारत जा, नाहीतर 'कसं आलं' म्हणजे 'चुकलं' हे तो दोन दिवसांत ओळखतो. त्याने नियम सांगितला की पुढचा प्रश्न: "अर्ध्यात आणखी भर घातलीस. २/५ हे अर्ध्याहून मोठं की लहान?" एक पट्टी काढून तिचे पाच भाग करायला सांगा. त्यातले दोन रंगवले की अर्ध्यापर्यंतही पोचत नाहीत, हे त्याला स्वतःच दिसतं. भर घालूनही कमी कसं झालं? आता छेद ६ घेण्याला काही अर्थ येतो: ३/६ + २/६ = ५/६. लगेच १/४ + २/३ द्या आणि तोंडातून शब्द काढू नका. पुढच्या आठवड्यात १/३ + २/५ सहज, न सांगता विचारा. तेव्हा ११/१५ आलं तर समजलं म्हणा, त्याच दिवशी आलेल्या उत्तरावर विसंबू नका.

तोंड मिटण्यावरून एक महत्त्वाचं. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात असं दिसलं. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली आणि 'माहीत नाही' कमी झालं. थांबायच्या जागा दोन: प्रश्नानंतर, आणि मुलाचं उत्तर संपल्यानंतर. दुसरी कोणाच्याच लक्षात राहत नाही, आणि खरं बोलणं बऱ्याचदा तिथेच येतं. मनात एक ते चार मोजा. पहिल्यांदा फार अवघडल्यासारखं होतं.

शेऱ्यांबद्दल: रूथ बटलर यांच्या १९८८च्या अभ्यासात पाचवी-सहावीच्या काही मुलांना फक्त गुण मिळाले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. शेरा मिळालेली पुढे गेली. दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा उपयोग झाला नाही, गुण दिसले की शेरा वाचतो कोण! तेव्हा गुण देऊ नका. शेऱ्यात एक गोष्ट जमलेली, एक पुढच्या वेळी करायची, बस. "हुशार आहेस" टाळा. म्यूलर आणि ड्वेक यांनी १९९८ मध्ये दाखवलं की हुशारीचं कौतुक झालेली मुलं पुढे सोपे प्रश्न निवडतात आणि अपयश आलं की लवकर हात टेकतात. "पट्टी काढून ताडून बघितलंस, ते बरं केलंस" असं नेमकं काय केलं ते सांगा.

तिरपा कटाक्ष

आता कोणीतरी येऊन 'अपेक्षा उंच ठेवा, मूल आपोआप वर येतं' म्हणणार, म्हणून आधीच लिहून ठेवतो. रोझेन्थाल आणि जेकबसन यांचा १९६८चा प्रयोग त्यासाठी नेहमी पुढे केला जातो. शिक्षकांना सांगितलं की अमुक मुलं यंदा झेप घेणार, प्रत्यक्षात नावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी काढलेली. फरक पडला तो मुख्यतः पहिली-दुसरीत, आणि त्या आकड्यांवर पुढे भरपूर टीकाही झाली. नंतरच्या अशा प्रयोगांचा एकत्र आढावा रॉडेनबुश यांनी १९८४ साली घेतला. त्यात शिक्षक मुलांना दोन आठवड्यांहून जास्त ओळखत असले, तर सांगोवांगीचा परिणाम जवळपास उरत नाही असं निघालं.

यातून कामाचं एवढंच: मत पहिल्या काही भेटींत बनतं आणि मग हलत नाही. म्हणून त्याची जुनी प्रगतिपुस्तकं आणि 'तो जरा असाच आहे' वगैरे माहिती पहिला महिनाभर वाचूच नका.

लाल पेन

@तिरपा कटाक्ष, नुसत्या अपेक्षेबद्दल मान्य. पण अपेक्षा बोलून दाखवली आणि सोबत खरंखुरं काम दिलं तर फरक पडतो. येगर आणि सहकाऱ्यांच्या २०१४च्या प्रयोगात अमेरिकेतल्या सातवीच्या मुलांच्या निबंधांवर शिक्षकांनी नेहमीसारख्या सूचना लिहिल्या आणि वर एक चिठ्ठी जोडली. काहींच्या चिठ्ठीचा आशय: 'माझ्या अपेक्षा फार मोठ्या आहेत आणि तू त्या पुऱ्या करू शकतोस हे मला माहीत आहे, म्हणून या सूचना.' बाकीच्यांना कोरडी चिठ्ठी. निबंध सुधारून आणणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांचं प्रमाण कोरड्या चिठ्ठीला १७ टक्के होतं, दुसऱ्या चिठ्ठीला ७२ टक्के. प्रयोग लहान, पन्नासही मुलं नव्हती, तेव्हा आकडा डोक्यावर घेऊन नाचू नये. पण चिठ्ठीखाली सूचना भरगच्च होत्या हे विसरू नका. सूचना नसतील तर ती चिठ्ठी म्हणजे शुभेच्छापत्र.

कोरी पाटी

सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली. दोन शंका. "काय झालं?" विचारल्यावर "काही नाही" असंच येत राहिलं तर? आणि "कोणाला सांगणार नसाल तर सांगतो" म्हणाला तर?

उंबरठा

पहिल्याचं सोपं आहे. 'काय झालं', 'का केलंस' हे प्रश्न चौकशीचे वाटतात. त्याऐवजी दिसतंय ते बोला: "आज पेन्सिल हातात घेतलीच नाहीस." आणि गप्प राहा. तरी काही आलं नाही तर पर्याय द्या: "आज गणित करायचं, की नुसतं कोडं सोडवायचं?" कोडं म्हणाला तर कोडंच, त्यात गणित घुसडायचं नाही. असे दोन-तीन तास गेले तर वाया गेले समजू नका. सलग पाच-सहा भेटी असंच चाललं तर समन्वयकाशी बोला.

दुसऱ्या शंकेत चूक केली तर महागात पडते. होकार देऊ नका. पहिल्याच भेटीत सांगून टाका: "तू बोलशील ते माझ्यापाशी राहील. पण तुला किंवा कोणाला इजा होतेय असं वाटलं, तर मला सांगावंच लागेल, आणि कोणाला सांगतोय ते आधी तुला सांगेन." त्याने तरीही काही गंभीर सांगितलं तर पूर्ण ऐकून घ्या, खोदून विचारू नका, सुचवणारे प्रश्न तर अजिबात नकोत. "सांगितलंस ते बरं केलंस" म्हणा. निघाल्यावर त्याचेच शब्द, तारीख, वेळ लिहा आणि त्याच दिवशी उपक्रमाच्या जबाबदार व्यक्तीला कळवा. ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याला स्वतः जाब विचारायला जाऊ नका, मूल परत त्याच घरात जाणार असतं.

भेटीची जागा येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल अशी असू द्या, दार उघडं. पैसे, महागड्या भेटी, रात्रीचे खाजगी मेसेज नकोत.

आणि शेवट अचानक करू नका. सहा आठवडे आधी सांगा, मग दर भेटीत 'आता इतक्या राहिल्या' म्हणा. शेवटच्या भेटीला पहिल्या महिन्यातला एखादा कागद आणि आत्ताचा कागद शेजारी ठेवा, काय बदललं ते त्यालाच शोधू द्या. 'येत राहीन, फोन करीन' हे जमणार असेल तरच बोला, आणि केव्हा करणार ती तारीखही तिथेच सांगा.