टोमॅटोचं घरचं बी: धरावंच, पण फळ बघून नव्हे, झाड बघून

कुंडीकाठी:
हंगाम संपत आला की हा प्रश्न हमखास निघतो: टोमॅटोचं बी घरीच धरावं की नवं पाकीट आणावं? बहुतेकांचं उत्तर असतं, कशाला तो खटाटोप. मला ते अजिबात पटत नाही. गेली सात वर्षं मी एकाच वाणाचं बी धरतेय. ज्यांना बी धरायला शिकायचंय त्यांनी टोमॅटोपासूनच सुरुवात करावी.

कारण या झाडाचं फूलच तसं आहे. पुंकेसर एकमेकांना चिकटून त्यांची नळी होते आणि स्त्रीकेसर तिच्या आत असतो. फूल हललं की पराग आतल्या आतच कुक्षीवर, म्हणजे स्त्रीकेसराच्या टोकावर, पडतात. त्यामुळे शेजारी दुसरा वाण असला तरी सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणाचं बी बहुतेक वेळा आईच्याच वळणावर जातं. भोपळ्याचं तसं नाही, तिथे मधमाशी कुठले पराग कुठे नेईल सांगता येत नाही. आणि मक्यासारखी भरपूर झाडंही राखावी लागत नाहीत. दोन-चार झाडांवरून बी धरलं म्हणून टोमॅटोचा वाण खचत नाही.

चूक होते ती निवडताना. सगळ्यात मोठं, लालबुंद फळ बघून लोक त्याचं बी काढतात. पण एका झाडावरच्या सगळ्या फळांचे आईबाप तेच! ते फळ मोठं झालं कारण घोसात ते पहिलं होतं, किंवा त्या आठवड्यात पाणी नीट मिळालं. बघायचं ते अख्खं झाड. पानं शेवटपर्यंत स्वच्छ कुणाची राहिली, फळं तडकली नाहीत कुणाची, उशिरापर्यंत कोण धरत राहिलं. मी हंगामाच्या मध्यावरच अशा झाडाच्या बुंध्याला लोकरीचा धागा बांधते. नाहीतर शेवटी उरलेल्या फळांचंच बी हाती येतं.

काढायची रीत सोपी आहे. पूर्ण पिकलेलं फळ आडवं कापा, बी गरासकट वाटीत पिळा, थोडं पाणी घालून सावलीत ठेवा. पहिल्या दिवशी ते बी चिमटीत धरवत नाही, सुळकन निसटतं. तिसऱ्या दिवशी वर बुरशीची पांढरी साय येते, आंबूस वास सुटतो आणि तेच बी बोटांना खरखरीत लागतं. वाळल्यावर निरखून बघा, त्यावर बारीक लव असते. ते बुळबुळीत आवरण बियाला फळातच उगवू देत नाही, म्हणून ते जायला हवं. फार दिवस विसरलात तर मात्र वाटीतच मोड येतात. मग धुवा, तळाशी बसलेलं बी ठेवा, तरंगणारं टाका. बशीवर वाळवा. कागदावर वाळवलं तर चिकटून बसतं.

वाफेकरी:
असहमत, आणि मुख्य आक्षेप त्या "धरावंच"वर. आज घरोघरी लावले जाणारे कितीतरी टोमॅटो संकरित, म्हणजे दोन वेगळ्या वाणांच्या मेळातून केलेले, आहेत. पाकिटावर एफ-१ (संकराची पहिली पिढी) लिहिलेलं असतं, ते कुणी वाचत नाही. मीही वाचलं नव्हतं. बी धरलं, पुढच्या हंगामात बारा रोपं लावली. दोन झाडांची फळं मूळच्यासारखी, चारांची लहान आणि आंबट, एक झाड नुसतं उंच वाढत गेलं, बाकीची कशीबशी. अख्खा हंगाम गेला.

त्याहून गंभीर गोष्ट रोगप्रतिकाराची. पाकिटावर व्ही, एफ, एन अशी अक्षरं असतात: व्हर्टिसिलियम आणि फ्युजेरियम या बुरशींची मर (झाड सुकवणारा रोग) आणि मुळांना गाठी आणणारे सूत्रकृमी यांना तो वाण दाद देत नाही. ही ताकद संकराला एकाच पालकाकडून आलेली असेल, तर पुढच्या पिढीत सरासरी चारातलं एक झाड तिच्याशिवाय जन्मतं. ते कोणतं, हे मुळांना गाठी आल्यावरच कळतं. माझ्या मातीत सूत्रकृमी आहेत. मला तरी नवं पाकीटच बरं.

कुंडीकाठी:
"सरळ वाणाचं" हा शब्द शीर्षकात हवा होता, मान्य. माझं म्हणणं सरळ वाणापुरतंच आहे.

पाचवी पिढी:
मी तर म्हणतो, संकरिताचंच बी धरा! वाफेकरींना ज्या बारा झाडांत नुकसान दिसलं, तिथेच मला नवा वाण दिसतो. त्या दोन चांगल्या झाडांचं बी वेगळं ठेवायचं, पुढच्या वर्षी पुन्हा त्यातून निवडायचं. स्वपरागणाने दर पिढीत मिश्रपणा, म्हणजे दोन पालकांकडून वेगवेगळ्या आलेल्या गुणांचं प्रमाण, निम्मा होतो. दुसऱ्या पिढीत ५० टक्के, मग २५, मग १२.५, आणि सहाव्या पिढीत जेमतेम ३ टक्के. तेव्हा तो वाण बऱ्यापैकी स्थिर होतो. माझा सध्या पाचवीत आहे. फळ मूळच्या संकरापेक्षा थोडं लहान आहे, पण चव मला हवी तशी उतरलीय. हे पाकिटात मिळत नाही.

वाफेकरी:
तुमच्याकडे जागा आहे. चार कुंड्या असलेल्या माणसाने कशातून निवडायचं? चार झाडांत चांगलं झाड निघणं म्हणजे नशीब. आणि एवढी वर्षं घरच्यांनी आंबट टोमॅटो खायचे?

पाचवी पिढी:
जागेचा मुद्दा खरा आहे. निदान वीसेक रोपं तरी लावता यायला हवीत. कुंड्यांवर भागवणाऱ्यांनी सरळ वाणच घ्यावा.

रोपवाली:
मी रोपं तयार करून विकते, आणि मला काळजी वेगळीच आहे. बी धरा, पण ते दुसऱ्यांना वाटू नका.

टोमॅटोचे काही रोग बियाबरोबर प्रवास करतात. वाटीत आंबवल्याने जिवाणूजन्य कँकर हा रोग बराच कमी होतो, पण मोझॅकच्या (पानांवर चट्टे पाडणाऱ्या) गटातले विषाणू त्याने जात नाहीत. टोमॅटो ब्राउन रुगोज फ्रूट व्हायरस हा त्यातलाच. तो २०१४ मध्ये इस्रायलमध्ये आणि २०१५ मध्ये जॉर्डनमध्ये आढळला, आणि नंतर कितीतरी देशांत पोचला. बियाच्या सालीवर तो टिकून राहतो, मग हातांनी, कात्रीने, बांधायच्या सुतळीने रोपारोपाला लागतो. पूर्वीचे मोझॅकला न जुमानणारे वाणही त्याच्यापुढे टिकत नाहीत. एका वाटीतलं बी दहा घरी गेलं तर काय होईल, विचार करा.

जिवाणूंसाठी गरम पाण्याचा उपाय आहे: ५० अंश सेल्सिअस, २५ मिनिटं, लगेच थंड पाणी. पण तापमापक असेल तरच. अंदाजाने कराल तर बी शिजेल. आणि विषाणूंसाठी यावरही भरवसा ठेवू नका.

वाफेकरी:
+१. आणि कुंडीकाठी, तुमच्या मूळ मुद्द्यातच मला एक विसंगती दिसते. सरळ वाण शुद्ध असेल तर सगळी झाडं आतून सारखीच. मग धागा बांधून झाड निवडल्याने पुढच्या वर्षी काय बदलणार? चांगलं दिसलेलं झाड चांगल्या जागी होतं, एवढंच. फळाबद्दल जे तुम्ही म्हणता तेच झाडाला लागू पडतं.

कुंडीकाठी:
दोन दिवस यावर विचार केला. तुमचं बरोबर आहे. निवडून मी वाण सुधारतेय असं मला वाटायचं, ते सोडून देते. पण धागा बांधणं सोडणार नाही, आणि त्याचं कारण रोपवालींनी दिलंय: ज्या झाडाची पानं वाकडी, चट्टेरी, त्याचं बी वाटीत पडूच नये. वाटण्याबद्दलही त्यांचं ऐकते. यंदा दोन मैत्रिणींना बी कबूल केलं होतं, त्यांना नाही म्हणून कळवलं.

आणखी एक. शुद्ध वाणही कायम शुद्ध राहतोच असं नाही. माझ्या वाणाची पानं बटाट्यासारखी, अखंड कडांची आहेत. अशा काही वाणांत कुक्षी नळीच्या बाहेर डोकावते, म्हणून संकराचा धोका जरा जास्त. चौथ्या वर्षी वीस रोपांत दोघांची पानं नेहमीच्या टोमॅटोसारखी कातरलेली निघाली. बटाट्याचं पान हा अप्रभावी गुण, म्हणजे दोन्ही पालकांकडून आला तरच दिसणारा, तेव्हा ती दोन रोपं नक्कीच बाहेरच्या परागाची. बोटभर उंचीची असतानाच काढून टाकली. तेव्हापासून बियांसाठीचा घोस फुलायच्या आधीच पातळ जाळीच्या पिशवीत बांधते, आणि फळं धरली की पिशवी काढून देठाला धागा.

वाफेकरी:
पानावरून इतक्या लवकर कळतं हे माहीत नव्हतं. तसा एखादा सरळ वाण एका कुंडीत लावून बघतो. वाफ्यात मात्र एफ-१च.