रिपॉझिटरी जोडली, तरी व्हिडिओ का चालत नाही?
फेडोरा या लिनक्सवर आरपीएम फ्यूजन ही जादा पॅकेजेसची रिपॉझिटरी (सॉफ्टवेअरचं ऑनलाइन कोठार) जोडूनही एच.२६४ या प्रकारच्या व्हिडिओचा नुसता आवाज येतो, चित्र दिसत नाही, असा हा प्रश्न आहे. रिपॉझिटरी जोडणं ही फक्त अर्धी पायरी आहे. फेडोरासोबत 'एफएफएमपेग-फ्री' हे व्हिडिओ-ऑडिओ उलगडणारं, पण काटछाट केलेलं पॅकेज येतं आणि ते आपोआप बदलत नाही. डीएनएफ या फेडोराच्या पॅकेज बसवणाऱ्या साधनाच्या 'स्वॅप' कमांडने त्याच्या जागी पूर्ण 'एफएफएमपेग' बसवा. सोबत 'अलाउ-इरेझिंग' हा पर्याय द्या, नाहीतर दोन पॅकेजेसची टक्कर होऊन काम तिथेच अडू शकतं.

एएमडीचं ग्राफिक्स असेल तर एवढ्यावर थांबू नका. २०२२ च्या फेडोरा ३७ पासून पेटंटच्या अडचणीमुळे मेसा या ग्राफिक्स ड्रायव्हर संचामधलं एच.२६४ आणि एच.२६५ चं हार्डवेअर डिकोडिंग (ग्राफिक्स चिपकडून व्हिडिओ उलगडणं) काढलेलं आहे. व्हिडिओ दिसतो, पण सगळा भार प्रोसेसरवर पडतो, पंखा घोंघावतो. टर्मिनलमध्ये 'व्हीएइन्फो' (ग्राफिक्स चिप कोणते व्हिडिओ उलगडू शकते ते दाखवणारी कमांड) चालवा, एच.२६४ च्या ओळीच नसतील तर आरपीएम फ्यूजनमधले 'फ्रीवर्ल्ड' मेसा ड्रायव्हर घ्या.

ओपनसुसे या दुसऱ्या लिनक्सवाल्यांनी पॅकमन ही तशीच रिपॉझिटरी जोडल्यावर पॅकेजेसचा व्हेंडर (ती कोणत्या स्रोताकडून येतात तो) बदलायलाच हवा. अर्धी इकडची, अर्धी तिकडची ठेवू नका, कृपया. पुढच्या अपडेटला सगळं अडकतं.