काळ्या मातीतून सीझियम: माझ्याकडे सहज सुटतं, जुन्या मातीत का नाही?

प्रश्न | रेगूर_नागपूर
नागपूरजवळच्या शेतातली काळी माती, त्यात साधं (किरणोत्सारी नसलेलं) सीझियम क्लोराइड, किलोला १०० मिलिग्रॅम सीझियम. दोन दिवसांनी १ मोलर अमोनियम ॲसिटेट, पीएच ७, मातीच्या दहापट द्रावण, २ तास शेकर. बहुतेक सीझियम बाहेर येतं. फुकुशिमाच्या (जपानमधल्या अणुदुर्घटनेच्या) जुन्या मातीत मात्र याच द्रावणाने थोडंच सुटतं. घोळ कुठे? शिवाय डिस्टिल्ड पाण्याच्या शेवटच्या धुण्यात गाळ बसतच नाही. पुढे मातीतून युरेनियमही काढायचं आहे. आम्ल चालेल का?

उत्तर | चिकण_खनिज
घोळ मात्रेत आहे. १ किलोबेकरेल सीझियम-१३७ म्हणजे जेमतेम ०.३ नॅनोग्रॅम. इतकं कमी असलं की ते इलाइट या थरांच्या चिकण खनिजाच्या झिजलेल्या कडांवर बसतं. त्या जागा मोजक्या, पण पकड जबर. १०० मिलिग्रॅमने कडा भरून गेल्या, उरलेलं मॉन्टमोरिलोनाइट या काळ्या मातीतल्या चिकण खनिजाच्या साध्या विनिमय जागांवर (जिथून आयन सहज बदलतात) गेलं आणि तेच तुम्ही धुताय. मात्रा किलोला १ मिलिग्रॅमवर आणा, माती काही आठवडे आलटूनपालटून ओली-कोरडी करा. मातीत मुळातच थोडं सीझियम असतं, म्हणून कोरा (सीझियम न घातलेला) नमुना सोबत चालवाच. शेकर रात्रभर फिरवून काही हाती लागणार नाही: अमोनियम खनिजाचे थर मिटवतो, आतलं आतच कोंडतं. गरम, तीव्र आम्लाने जास्त निघतं खरं, पण मग माती माती राहत नाही.

उत्तर | गाळण_कागद
गाळाचं: क्षार धुतले गेले की चिकण कण सुटे होतात. शेवटचं धुणं ०.०१ मोलर कॅल्शियम क्लोराइडने करा, मग सेंट्रिफ्यूज. ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही बारीक चिकण निसटतं आणि आकडा फुगवतं. गाळलेल्या द्रावणात ॲल्युमिनियम (चिकणाची खूण) मोजा. ते जास्त आलं तर तो आकडा टाकून द्या.

उत्तर | चुनखडी
आम्ल आपल्याकडे महागात पडतं. ५ टक्के चुना धरला तर १०० ग्रॅम माती १ नॉर्मल आम्लाचे १०० मिली नुसत्या फेसातच खाते. ०.४ मोलर सोडियम बायकार्बोनेट अधिक ०.१ मोलर कार्बोनेट घ्या. सहा-संयुजी (जास्त ऑक्सिडीकृत) युरेनियम ट्रायकार्बोनेट होऊन विरघळतं. चार-संयुजी हलत नाही, त्याला थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड द्या. बायकार्बोनेट वगळू नका. पीएच ११ च्या वर गेला की सोडियम डाययुरेनेटचा साका बसतो. द्रावण चहासारखं तपकिरी येईल. ते ह्युमस आहे, युरेनियम पकडणाऱ्या रेझिनच्या कॉलमवर तसंच सोडलं तर रेझिन बाद.