वरच्या फ्लॅटमधून गळती, खर्च कोणाचा?

गेले चार महिने आमच्या बाथरूमच्या छताला ओल आहे, आता पोपडे पडायला लागलेत. वरचे म्हणतात पाइप सोसायटीचा, सेक्रेटरी म्हणतात तुमचं तुम्ही दोघं बघा, आणि मी मधल्यामध्ये बादली लावून बसलोय. नक्की कोणी करायचं हे?

उत्तर १
आधी पाणी कुठून येतंय ते शोधा हो, नाहीतर नुसती भांडणं. वरच्यांची नहाणी ट्रॅप (फरशीतलं पाणी जायची जाळी) बंद करून फरशीवर २४ तास रंगीत पाणी साठवायचं, खाली रंग उतरला तर वॉटरप्रूफिंग गेलंय, नाही उतरला तर पाइपलाइन तपासा. प्लंबर येतो तेव्हा कमिटीतलं कोणीतरी हजर पाहिजे, नंतर "आम्ही बघितलंच नाही" म्हणतात!

उत्तर २
साधारण असं असतं की सगळ्या मजल्यांना जाणारी उभी लाइन, गच्ची, बाहेरच्या भिंती सोसायटीच्या आणि फ्लॅटच्या आतलं ज्याचं त्याचं. पण तुमच्या उपविधीत (सोसायटीच्या नियमावलीत) काय लिहिलंय ते वाचा, कॉपी मागा, द्यायला लागते.

प्रश्नकर्ता
वरच्यांनी मागच्याच वर्षी टाइल्स बदलल्यात, हे सांगायचं राहिलं...

उत्तर १
अहो मग हेच आधी सांगायचं ना! जुनी फरशी फोडताना खालचा वॉटरप्रूफिंगचा थर फुटतो बऱ्याचदा. टेस्ट करा, फोटो काढा, कमिटीला लेखी पत्र द्या आणि पोच घ्या.

उत्तर ३
आमच्याकडे शेवटी निम्मे-निम्मे केले. चूक त्यांचीच होती पण रोज जिन्यात तोंड बघायचंय.