कॅमेरा असलेल्या स्मार्ट चष्म्याची बॅटरी संध्याकाळपर्यंत कशी टिकवावी?

मुठाकाठ:

मला रेटिनायटिस पिग्मेंटोसा हा डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. दिवसा नजरेच्या मध्यभागी जेवढे दिसते तेवढ्यावर माझे काम चालते, बाजूचे फारसे दिसत नाही आणि अंधार पडल्यावर जवळजवळ काहीच दिसत नाही. चालताना मी पांढरी काठी वापरतो. काही महिन्यांपूर्वी मी कॅमेरा असलेला स्मार्ट चष्मा घेतला. बसची पाटी, दुकानाचे नाव, कार्यालयातील सूचनाफलक असे बरेच काही तो वाचून दाखवतो आणि फोन हातात धरावा लागत नाही, त्यामुळे त्याच्या उपयोगाबद्दल माझी तक्रार नाही.

अडचण बॅटरीची आहे. सकाळी पूर्ण भरलेला चष्मा दुपारी दोनच्या सुमारास मान टाकतो, आणि मला त्याची खरी गरज संध्याकाळी सातनंतर, डेक्कनच्या थांब्यावर माझी बस ओळखताना असते. सकाळी बसमध्ये मी त्याच्यावरच ऑडिओबुक ऐकतो, व्हॉट्सॅपचे संदेश तोच वाचून दाखवतो, आणि अनोळखी रस्त्यावर समोरचे दृश्य सतत पाहून माहिती देणारा प्रकार चालू ठेवतो. कधी कधी बहिणीला व्हिडिओ कॉल करून तिला समोरचे दाखवतो.

यांपैकी नेमके काय बॅटरी अधिक खाते? मधल्या वेळेत चष्मा बंद करून ठेवण्याने फरक पडतो का? चष्मा ज्या पेटीत ठेवून चार्ज होतो, त्या पेटीत रात्रभर ठेवल्याने बॅटरी लवकर म्हातारी होते, असे एका दुकानदाराने सांगितले. त्यात तथ्य आहे का?

सोल्डरवाला:

आधी आकडे पाहू, म्हणजे कुठे काटकसर करायची ते आपोआप कळेल. आपला चष्मा कोणता ते आपण लिहिलेले नाही, म्हणून ज्याची माहिती सहज उपलब्ध आहे असे उदाहरण घेतो. २०२३ मध्ये आलेल्या रे-बॅन मेटा चष्म्याची बॅटरी सुमारे दीडशे मिलिअँपिअर-तासांची आहे. आजच्या साध्या फोनमध्ये पाच हजारांची असते, म्हणजे चष्म्याच्या वाट्याला फोनच्या तिसाव्या हिश्श्यापेक्षाही कमी ऊर्जा येते. ही बॅटरी मोठी करायची तर काडी जाड होते, वजन वाढते आणि सगळा भार नाकावर व कानांवर येतो. पन्नास ग्रॅमच्या आसपासच्या वस्तूत याहून फार जागा निघत नाही.

दीडशे मिलिअँपिअर-तास म्हणजे ढोबळमानाने ०.६ वॅट-तास. कंपनीने या चष्म्यासाठी सांगितलेली मर्यादा चार तासांपर्यंतची आहे, म्हणजे मिश्र वापरात सरासरी खर्च ०.१५ वॅट धरलेला आहे. याच चष्म्यावर कॅमेरा सतत चालू ठेवून त्यातील एआय सहायकाशी बोलण्याची सोय २०२४ च्या अखेरीस आली, तेव्हा ती एका चार्जमध्ये साधारण अर्धा तास चालेल असे सांगितले गेले. हाच भागाकार तिथे केला तर खर्च १.२ वॅट येतो, म्हणजे आठपट. आपण ‘सतत पाहून माहिती देणारा प्रकार’ म्हणता तो हाच. अनोळखी रस्त्यावर दहा मिनिटे तो चालू ठेवला, तर साध्या वापराचा सव्वा तासाहून अधिक काळ त्यात खर्च झाला, असे समजावे.

याचे कारण असे की त्या दहा मिनिटांत कॅमेऱ्याचा सेन्सर जागा असतो, प्रत्येक चित्रावर प्रक्रिया होत असते, व्हिडिओ आकसून बिनतारी मार्गाने पाठवला जात असतो आणि माइक व स्पीकरही चालू असतात. व्हिडिओ कॉलचे गणित जवळपास तेच आहे. याउलट एक फोटो काढून ‘ही पाटी वाच’ असे सांगितले, तर चष्म्याला काही सेकंदच कष्ट पडतात. फोटो फोनकडे जातो, मजकूर ओळखण्याचे काम बाहेरच्या सर्व्हरवर होते आणि चष्म्याला फक्त उत्तर बोलून दाखवायचे असते. म्हणून माझ्या मते तास मोजणे सोडावे आणि किती वेळा विचारायचे आहे ते मोजावे. विचारले, उत्तर मिळाले, कॅमेरा बंद झाला, अशा रीतीने वापरलेला चष्मा खूप पुरतो.

आणखी एक खर्च सहसा लक्षात येत नाही. काढलेले फोटो आणि व्हिडिओ फोनवर आणताना अनेक चष्मे वाय-फाय सुरू करतात, आणि ते काम ‘आपोआप’ वर ठेवले असेल तर ते भर दुपारी रस्त्यावरही होते. अॅपमध्ये जाऊन ते बंद करावे आणि घरी आल्यावर हाताने उतरवून घ्यावे.

चित्रण चालू असताना पेटणारा छोटा दिवा झाकला की बॅटरी वाचते, असा सल्ला काही ठिकाणी वाचायला मिळतो. त्या दिव्याचा खर्च नगण्य आहे, तो समोरच्या माणसाला कळावे म्हणून दिलेला आहे, आणि वर सांगितलेल्या चष्म्यात तो झाकला तर कॅमेरा चित्रण करण्यास नकारच देतो.

ठाकुर्लीकर:

मी पूर्ण अंध आहे आणि रोज लोकलने सीएसएमटीपर्यंत जातो. सोल्डरवाला यांचे गणित पटते. त्यात रोजच्या वापराच्या काही गोष्टी जोडतो.

ऑडिओबुक चष्म्यावर ऐकू नका. चष्म्याचे स्पीकर कानाबाहेर उघडे असतात, त्यामुळे बसच्या किंवा लोकलच्या गोंगाटात आवाज शेवटपर्यंत वाढवावा लागतो आणि तासभराच्या प्रवासात चांगलीच बॅटरी जाते. त्यासाठी हाडांतून आवाज पोहोचवणारा वेगळा हेडफोन घ्यावा. कान मोकळे राहतात, वाहनांचा आवाज कळतो आणि चष्म्यावर ताण येत नाही. संदेश वाचून दाखवण्याचे कामही फोनकडेच द्यावे. गटांमधील ‘शुभ सकाळ’ ऐकण्यासाठी संध्याकाळची बस गमावणे परवडणारे नाही.

दुसरे असे की जिथे दुसरी सोय आहे तिथे चष्मा वापरू नये. लोकलच्या डब्यात पुढच्या स्थानकाची घोषणा होते, मेट्रोतही होते. तेवढा वेळ माझा चष्मा पेटीत असतो. टेबलावरचा कागद, औषधाचे पाकीट, विजेचे बिल अशा हलत नसलेल्या गोष्टी फोनच्या कॅमेऱ्याने वाचाव्यात. मदतीसाठी कोणाला दृश्य दाखवायचे असेल, मग ती बहीण असो वा ‘बी माय आइज’ या अंधांना व्हिडिओ कॉलवर मदत मिळवून देणाऱ्या अॅपवरील स्वयंसेवक, तर निवांत जागी तो कॉल फोनवरून करावा, आणि दोन्ही हात खरोखर गुंतलेले असतील तेव्हाच चष्म्यावरून.

प्रश्न नेमका विचारण्यानेही फरक पडतो. ‘समोर काय आहे?’ असे विचारले की तो झाडे, आकाश, माणसांचे कपडे असे सगळे पुराण सांगत बसतो. ‘समोरच्या बसचा फक्त क्रमांक सांग’ असे म्हटले की एका वाक्यात काम होते.

मुठाकाठ:

दोघांचेही आभार. सतत पाहण्याचा प्रकार इतका महाग पडत असेल याची कल्पना नव्हती. ऑडिओबुक तर आजच हलवतो.

दोन शंका उरल्या. हाक मारल्यावर जागे होण्याची सोय बंद करून स्पर्शाने चष्मा जागवावा, असे अन्यत्र वाचले. माझ्या चष्म्याची स्पर्शपट्टी उजव्या काडीवर आहे आणि माझी काठी उजव्या हातात असते. डाव्या हातात बहुधा पिशवी किंवा छत्री. मग हे कसे साधावे? शिवाय माझ्या चष्म्यात नंबरची काच आहे. तो पेटीत ठेवला की जे थोडे दिसते तेही अंधुक होते.

ठाकुर्लीकर:

हाकेची सोय चालताना चालूच ठेवा. माइक ऐकत राहतो म्हणून थोडी बॅटरी सतत जाते हे खरे, पण रस्त्याच्या कडेला काठी काखेत मारून कानाजवळ बोट नेण्यापेक्षा ती गेलेली बरी. कार्यालयात बसल्यावर मात्र ती बंद करता येते. दिवसभर टेबलाशी बसून काम असेल तर चष्मा तसाही पेटीत असू शकतो.

नंबरच्या काचेसाठी जुना साधा चष्मा जवळ ठेवणे हाच उपाय आहे. कार्यालयात तो लावावा आणि स्मार्ट चष्मा बाहेर पडताना पेटीतून काढून लावावा. जेवणाच्या सुट्टीत पेटीचा उपयोग करून घ्यावा: वर उल्लेखिलेल्या २०२३ च्या मॉडेलसाठी बावीस मिनिटांत निम्मी बॅटरी भरते असे कंपनी सांगते, आणि आपल्या चष्म्याचा वेग थोडा कमी असला तरी दुपारच्या अर्ध्या तासात संध्याकाळची सोय होते. पेटीची स्वतःची बॅटरी रात्री भरलेली आहे ना, हे मात्र पाहत जावे. मी पिशवीत एक लहान पॉवर बँक ठेवतो आणि त्यावर पेटी लावतो.

वर्धेकर:

पेटीत रात्रभर ठेवण्याच्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही, म्हणून लिहितो. लिथियम-आयन बॅटरीला दोन गोष्टी मानवत नाहीत: उष्णता, आणि पूर्ण भरलेल्या किंवा पूर्ण रिकाम्या अवस्थेत दीर्घकाळ पडून राहणे. दोन्ही एकत्र आल्या की नुकसान वेगाने होते. रात्री पंख्याखाली पेटीत ठेवलेल्या चष्म्याची चार्जिंग भरल्यावर आपोआप थांबते, त्यामुळे रोज वापरणाऱ्याने त्याची फार चिंता करू नये. पण आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, उभ्या गाडीत आणि दुचाकीच्या डिकीत तर त्याहून कितीतरी अधिक तापते, आणि अशा बॅटऱ्या भरण्यासाठी सुचवलेली वरची मर्यादा साधारण पंचेचाळीस अंशांचीच असते. तिथे भरलेली पेटी तासन्‌तास ठेवणे हे रात्रभरच्या चार्जिंगपेक्षा पुष्कळ वाईट. पुण्यातही एप्रिलमध्ये खिडकीतल्या उन्हात पेटी ठेवू नये. तापलेला चष्मा लगेच चार्जिंगला न लावता थोडा निवू द्यावा.

काही आठवडे वापरायचाच नसेल, तर चष्मा आणि पेटी दोन्ही अर्ध्यावर भरून थंड, कोरड्या जागी ठेवावीत.

एक अगदी साधी गोष्टही तपासा. पुष्कळ चष्म्यांत चार्जिंगची टोके नाकाच्या पुलाजवळ असतात. तिथे घाम, तेल, पावडर यांचा थर बसतो आणि रात्रभर पेटीत ठेवूनही चष्मा पुरता भरत नाही. मग आपण बॅटरीलाच दोष देतो. कोरड्या, मऊ कापडाने ती टोके अधूनमधून पुसावीत. पाऊस झाल्यावर ओला चष्मा पेटीत कोंबू नये. तुषार सहन करण्याचे मानांकन असले तरी ते चष्म्याचे असते, पेटीचे नव्हे.

सोल्डरवाला:

बंद करण्याच्या प्रश्नाचे उत्तर राहिले होते. दर थोड्या वेळाने बंद-चालू करण्यात फायदा नाही, कारण सुरू होताना आणि फोनशी पुन्हा जोडले जाताना चष्मा थोडी ऊर्जा घेतोच, आणि नेमकी बस येते तेव्हा तो ‘सुरू होत आहे’ म्हणत राहतो. तासाभराहून मोठा खंड असेल तर खुशाल बंद करा किंवा पेटीत ठेवा. सदऱ्याला अडकवलेला चष्मा मात्र झोपला आहे असे गृहीत धरू नका; काही मॉडेल नुसत्या स्पर्शाने किंवा हालचालीने जागे होतात.

दुपारी दोनला चष्मा संपण्यामागे बॅटरीच खराब झाली आहे का, हे पाहण्याचा सोपा मार्ग असा: सुट्टीच्या दिवशी तो पूर्ण भरून, आपोआप फोटो उतरवणे बंद करून, फक्त मध्यम आवाजात ऑडिओ लावा आणि टक्केवारी किती वेगाने उतरते ते अॅपमध्ये पाहा. उतार सावकाश आणि सारखा असेल तर बॅटरी ठीक आहे, खर्च वापरातला आहे. चाळीस टक्क्यांवरून एकदम दहावर उडी पडत असेल तर सेल थकला आहे. तो घरी बदलता येत नाही, म्हणून वॉरंटीची मुदत असेपर्यंत सेवा केंद्रात दाखवावा आणि त्या दिवशीच्या टक्केवारीचे स्क्रीनशॉट सोबत न्यावेत.

मुठाकाठ:

रविवारी ही चाचणी करतो आणि आकडे इथेच लिहितो. नाकाजवळची टोके आत्ताच बोटाने चाचपली. चिकट थर आहे.