टीडीएसच्या आकड्यावरून मशीन ठरवू नका

घरी पिण्याचं पाणी शुद्ध करायला कोणतं मशीन घ्यावं, यावर दोघांनी 'टीडीएस १८० आला, म्हणजे आरओ (बारीक पडद्यातून पाणी दाबून क्षार काढणारा प्युरिफायर) घ्यावाच लागेल' असं लिहिलंय. मला हे पटत नाही. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते लिटरला ६०० मिलिग्रॅमपर्यंत पाणी चवीला साधारण चांगलं लागतं. १८० ला आरओची गरज निव्वळ क्षारांसाठी तरी नाही. उलट आरओमुळे कॅल्शियम, मॅग्नेशियमही निघून जातं आणि बरंचसं पाणी मोरीत वाहून जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

मात्र टीडीएस कमी म्हणजे पाणी सुरक्षित, असंही नाही. टीडीएस मोजायच्या छोट्या मीटरला जंतू दिसत नाहीत. आर्सेनिकची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आणि फ्लोराइडची १.५ आहे, इतकं सूक्ष्म प्रमाण एकूण आकड्यात कळतच नाही. म्हणून बोअरवेलचं पाणी असेल तर आधी प्रयोगशाळेत तपासून घ्या. यांपैकी काही जास्त निघालं किंवा पाणी खारट असेल, तर आरओ जरूर घ्या.

नळाचं, कमी क्षारांचं पाणी असेल आणि काळजी फक्त जंतूंची असेल, तर यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारा प्युरिफायर) पुरतो. पण पाणी गढूळ असेल तर किरण आतपर्यंत पोचत नाहीत, त्यामुळे आधी गाळ अडवणारा सेडिमेंट फिल्टर हवाच. वीज वारंवार जात असेल तर यूएफ (बारीक छिद्रांच्या पडद्यातून विजेशिवाय पाणी गाळणारा फिल्टर) बघा. तो बॅक्टेरिया अडवतो, विषाणूंची मात्र खात्री नाही.

आणि घेण्याआधी फिल्टर बदलायचा वर्षाचा खर्च नक्की विचारा.